थिबा राजाचं घर पाहायला रत्नागिरीत

शुक्रवार

दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्स्प्रेस सकाळी रत्नागिरीला सोडते. स्टेशन गावापासून लांब आहे, तेव्हा रिक्षाचे पैसे बसण्याआधी बोलून घ्यावेत. आमच्या रिक्षावाल्यानं भाडं एका वाक्यात ठरवलं आणि पुढचा सगळा रस्ता आभाळाकडे बघत चालवला. मार्चचा दुसरा आठवडा, आणि वर पावसाळ्यासारखं मळभ. "दोन दिवस असंच राहिलं तर कैरीला डाग पडतात. पाऊस आला तर मग विचारूच नका." त्याची स्वतःची पंधरा-वीस कलमं होती. पुढचे दिवस रत्नागिरीत ज्याच्याशी बोललो त्यानं आधी आभाळाबद्दल सांगितलं, मग बाकीचं.

मी आणि माझी मामेबहीण सुलूताई, अशा दोघीच होतो. ती बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुनी घरं बघत हिंडते. किल्ले नकोत, देवळं नकोत, "माणसं जिथं राहिली, जेवली, भांडली ते दाखव," असा तिचा हट्ट. यंदा तिनं थिबा राजाचा वाडा काढला. मी रत्नागिरीला लहानपणी दोन-तीनदा गेलेय, वाडा फक्त बाहेरून पाहिलेला. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, राजा रत्नागिरीत कशाला आला, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

उतरलो होतो एका घरगुती निवासात. काकूंनी सकाळीच मऊभात केला होता. वर मेतकूट, साजूक तूप आणि बाजूला तळलेली मिरगुंडं. रात्रभर गाडीत चेपून आलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगली न्याहारी मला माहीत नाही. "दुपारी ओल्या काजूची उसळ करते, पण वेळेवर या," असं बजावून त्यांनी आम्हाला बाहेर काढलं.

वाडा गावाच्या दक्षिण अंगाला, उंचावर आहे. रस्त्यालाही थिबा पॅलेस रोडच म्हणतात, त्यामुळे पत्ता विचारावा लागत नाही. फाटकातून आत गेल्यावर आधी दिसतं ते आवार. सत्तावीस एकरांच्या आसपासची ही जागा आहे, आणि एवढ्या मोकळ्या जमिनीवर तो लालसर, तीन मजली, उतरत्या छपरांचा वाडा एकटाच उभा आहे. राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतात ते बुरूज, घुमट, नक्षीचे खांब इथं नाहीत. जांभा, विटा, सागवान आणि कौलं. ब्रिटिश अमदानीतल्या एखाद्या मोठ्या सरकारी इमारतीला कमानी आणि रुंद व्हरांडे लावले की जे होईल ते. सुलूताई म्हणाली, "हे कलेक्टर कचेरी म्हणूनही खपलं असतं." ते खरंच आहे. बांधला सरकारनं, सरकारी पैशानं आणि सरकारच्या सोयीनं. खर्च सव्वा लाखाच्या वर गेला. त्या काळी रक्कम मोठी होती.

जवळ गेल्यावर मात्र मत थोडं बदलतं. खिडक्यांच्या वरच्या बाजूला लाकडाचे अर्धगोल आहेत, त्यांत कोरीव काम. मी एका खिडकीखाली बराच वेळ उभी होते. अर्धगोलातल्या पट्ट्या मधल्या एका ठिकाणापासून किरणांसारख्या पसरतात, आणि दोन पट्ट्यांमधली फट वरून रुंद, खाली निमुळती होत जाते. मळभातून मध्येच ऊन पडलं तेव्हा त्या फटींची सावली आतल्या फरशीवर पडली आणि दोन मिनिटांत पुसली गेली. सुतारानं हे काम मन लावून केलंय, त्यात शंका नाही.

खालच्या मजल्यावर आता प्रादेशिक संग्रहालय आहे. जुन्या मूर्ती, शिल्पं, नीट मांडलेली. पण आम्ही आलो होतो राजासाठी, म्हणून त्या दालनांतून जरा भरभर पुढे गेलो (मूर्तिशास्त्राची आवड असेल त्यांनी वेगळा तास ठेवावा). मधे चौक आहे, भोवती खोल्या. वरच्या मजल्यांवर राजाच्या वापरातल्या काही वस्तू आणि फोटो. पाहायला फार नाही. ज्या माणसासाठी एवढी वास्तू उभी राहिली त्याचं सामान एका खोलीत मावेल इतकंच उरलंय. मला आधी वाईट वाटलं. नंतर हिशेब केला तर ते साहजिकच वाटायला लागलं.

हिशेब असा. थिबा मंडालेच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या राजधानीच्या, गादीवर आला १८७८ साली, वडील मिंडोन वारल्यावर. वय १९. कोनबाँग घराण्यातला हा शेवटचा राजा. पुढच्याच वर्षी राजवाड्यात नात्यातल्या राजपुत्र-राजकन्यांची कत्तल झाली. त्यामागे त्याची सासू आणि राणी सुपयालत यांचा हात होता असं मानतात. थोडक्यात, रत्नागिरीला आलेला राजा हा काही गोष्टीतला गरीब बिचारा राजा नव्हता. १८८५ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या लाकडाच्या कंपनीवर त्याच्या दरबारानं भलामोठा दंड ठोकला. सागवानाचे ओंडके कमी दाखवून कर बुडवला, हा आरोप. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावती नदीतून बोटींनी वर गेली आणि दोन आठवड्यांत युद्ध आटोपलं. २९ नोव्हेंबरला राजा-राणीला बैलगाडीतून नदीपर्यंत नेलं आणि बोटीवर चढवलं. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील केल्याची घोषणा झाली. त्या दिवशी थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

व्हरांड्यात पायरीवर बसून मी हे सांगत होते. सुलूताईनं मधेच थांबवलं. "अगं, पण नाव मुंबईचं, लाकूड तिकडचं, आणि त्याच लाकडापायी गादी गेलेला राजा इथं सागवानाच्या घरात?" हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सागवानाच्या भांडणात राज्य गेलं आणि म्हातारपणी राहायला सागवान वापरलेलं घर मिळालं, असा हा प्रकार.

आधी त्यांना मद्रासला ठेवलं. तिथं तिसरी मुलगी झाली. १८८६ च्या एप्रिलमध्ये सगळा काफिला बोटीनं रत्नागिरीला आणला, आणि पुढच्या वर्षी चौथी मुलगी इथं जन्मली. रत्नागिरीच का, याचं उत्तर नकाशात आहे. तेव्हा इथं रेल्वे नाही. येणं-जाणं समुद्रातून, आणि पावसाळ्यात तेही बंद. मागे सह्याद्री. पळून जायला वाट नाही आणि भेटायला येणाऱ्यालाही नाही. कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावायला लागली ती १९९८ साली, म्हणजे थिबा येऊन शंभरावर वर्षं होऊन गेल्यावर! पुढे सावरकरांनाही १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं होतं. माणसं अडकवून ठेवायला हे गाव सरकारला सोयीचं वाटत असणार.

आता मुद्दा. हा वाडा पुरा होऊन राजाचं कुटुंब इथं राहायला आलं १९१० च्या अखेरीस. तोवरची चोवीस वर्षं ते टेकडीवरच्या जुन्या बंगल्यांत राहत होते. घर नीट नाही, जागा पुरत नाही, तनखा भागत नाही, अशी पत्रं राजा सरकारला लिहीत राहिला. बरोबर आणलेली माणकं आणि हिरे एकेक करून विकले गेले. आणि वाडा मिळाल्यावर सहाच वर्षांत, डिसेंबर १९१६ मध्ये, तो वारला. वय ५७. धाकटी राणी सुपयागले तर त्याआधीच, १९१२ मध्ये गेली होती. ज्याला आपण थिबाचा वाडा म्हणतो तिथं थिबा त्याच्या रत्नागिरीतल्या तीस वर्षांपैकी सहा वर्षं राहिला. मग सामान कुठून असणार?

वाड्याच्या मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे. तिथं एक गृहस्थ फुलं वाहत होते. रोज येतात म्हणाले. "राजाला कुणी विचारत नाही, पण याच्याकडे लोक येतात."

काही कामाच्या गोष्टी इथंच सांगते. वाडा सोमवारी बंद असतो, तेव्हा शनिवार-रविवारला जोडून सोमवार घेणाऱ्यांनी वाडा आधी उरकावा. सकाळी दहाच्या सुमाराला जा, उजेड चांगला मिळतो आणि सहलीच्या बस आलेल्या नसतात. आत फोटो काढायचे तर आधी विचारा. जिने लाकडी आहेत आणि चढण थोडी उभी, गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. आवारात खायला काही मिळत नाही, पाणी बरोबर ठेवा. वाड्यापासून जवळच थिबा पॉइंट आहे. तिथं सकाळी जाऊन उपयोग नाही, संध्याकाळी जा.

आम्ही संध्याकाळी गेलो. खाली खाडी, पलीकडे भाट्याचा पूल, माडांची रांग आणि मग समुद्र. सूर्यास्त काही दिसला नाही, ढगांनी गिळला. पण भेळेच्या गाडीवर दोन कॉलेजची मुलं मोठमोठ्यानं वाद घालत होती. थिबा चांगला की वाईट, हा विषय! एकाचं म्हणणं, भावंडांना मारणाऱ्याचं स्मारक कशाला हवं. दुसरा म्हणाला, "तसं बघायला गेलं तर कुठल्याच राजाचं स्मारक नको मग." सुलूताई त्यांच्यात शिरली. मी भेळ संपवली.

ओल्या काजूची उसळ आम्हाला शेवटी रात्री मिळाली. दुपारी वेळेवर पोचलो नाही म्हणून काकू थोड्या घुश्शात होत्या, पण त्यांनी ती झाकून ठेवली होती. ओले गर सोलणं हे कटकटीचं काम, चिकानं बोटं सोलवटतात. त्यांच्या बोटांना तो काळसर डाग होताच. ओलं खोबरं, थोडा गूळ, हिरवी मिरची, बस. बाजारात ओले गर शेकड्यावर मिळतात आणि महाग असतात. स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, जून असतात.

शनिवार

आज टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म या घरात २३ जुलै १८५६ ला झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृतचे जाणकार. त्यांची १८६६ मध्ये पुण्याला बदली झाली आणि बाळ दहा वर्षांचा असताना कुटुंब रत्नागिरी सोडून गेलं. घर कौलारू, ओटी-पडवीचं, कोकणात मध्यमवर्गाचं असे तसं. आत फोटो, माहितीचे फलक. अर्ध्या तासात बघून होतं. शाळेतली मुलं रांगेनं येत होती, आणि त्यांच्या बाई "हात लावू नका, हात लावू नका" एवढंच म्हणत होत्या.

पण वाड्यानंतर लगेच हे घर पाहिलं की एक गोष्ट लागते, आणि म्हणूनच दोन्ही याच क्रमानं पाहावं असं माझं मत आहे. टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं मंडालेला. थिबाच्या मंडालेला. त्याच्या राजवाड्याभोवती जो तटबंदीचा किल्ला होता, त्याच्या आतच इंग्रजांनी तुरुंग केला होता. लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यात भाजणारी, थंडीत गारठणारी. तिथं १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहून काढलं. बरोबर त्याच सुमारास मंडालेचा राजा रत्नागिरीत टिळकांच्या जन्मघरापासून थोड्याशा अंतरावरच्या नव्या वाड्यात सामान लावत होता.

रत्नागिरीचा माणूस मंडालेत, मंडालेचा रत्नागिरीत, आणि दोघांचा जेलर एकच.

टिळकांच्या पत्नी १९१२ मध्ये पुण्यात वारल्या, टिळकांना कळलं ते तुरुंगात. त्याच वर्षी इथं सुपयागले गेली. हे मी ओटीवर बसून सांगितलं तेव्हा सुलूताई काही बोलली नाही, फक्त शाळेच्या बाईंना बोलावून "हे मुलांना सांगा" म्हणाली. बाईंनी खरंच सांगितलं. मुलांपैकी एकानं विचारलं, "मग दोघांची अदलाबदल का नाही केली?" बाईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

टिळक १९१४ च्या जूनमध्ये सुटले. थिबा सुटला नाही. फरक आहेच: एकाला शिक्षेची मुदत होती, दुसऱ्याला कधी कुठल्या कोर्टासमोर उभंच केलं नव्हतं.

राजाची समाधी बघायला शिवाजीनगरला गेलो. रिक्षावाल्याला "थिबाची समाधी" म्हटलं तर तो आधी वाड्याकडेच निघाला, परत वळवावं लागलं. आजूबाजूला इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, कुठंतरी कुकरच्या शिट्ट्या, आणि मधे कुंपणात दोन थडगी. मोठं राजाचं, लहान सुपयागलेचं. राणी सुपयालतला दोघांचे मृतदेह ब्रह्मदेशात न्यायचे होते. सरकारनं ते मान्य केलं नाही. राजा वारल्यावर दोन वर्षांहून जास्त काळ हा तंटा चालला आणि शेवटी १९१९ च्या मार्चमध्ये दोघांना इथं पुरलं. मग राणी आणि मुलींना रंगूनला परतू दिलं. सुपयालत १९२५ मध्ये रंगूनला गेली, तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. म्हणजे नवरा रत्नागिरीत आणि बायको रंगूनमध्ये. याची उलट जोडी इतिहासात आहेच, दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनमध्ये पुरलेला. इंग्रजांनी दोन देशांचे शेवटचे राजे एकमेकांच्या मातीत ठेवले.

२०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथं येऊन गेले. समोरच्या इमारतीतल्या एक आजी गॅलरीतून आम्हाला बघत होत्या, त्यांना ते आठवत होतं. "पोलीसच पोलीस. आम्हाला खिडक्यासुद्धा उघडू दिल्या नाहीत." मग त्यांनी वरूनच विचारलं, "तुम्ही कोण त्याच्या?" सुलूताईनं "कुणी नाही हो, असंच" म्हटल्यावर त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

आणि त्यांनीच पुढची गोष्ट काढली, जी रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक असते. थोरल्या राजकन्येची.

चार मुली वाढल्या इथं, घराबाहेर फारसं जाणं नाही, बरोबरीचं कुणी नाही. मराठी, हिंदुस्तानी फडाफडा बोलायला शिकल्या. लग्नं जमेनात, कारण राजघराण्याला साजेसा आणि सरकारला चालणारा नवरा मिळेना. थोरलीचं मन बसलं राजाच्या घरच्या गोपाळ सावंत या दरवानावर. त्याचं लग्न झालेलं होतं. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, तुतू. दुसरी राजकन्या वडील गेल्यावर खिन माँग जी याच्याबरोबर लग्न करून कालिंपाँगला निघून गेली. १९१९ मध्ये थोरली आईबरोबर रंगूनला गेली खरी, पण थोड्याच दिवसांत मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली. आणि १९४७ मध्ये इथंच वारली. तुतूनं शंकर पवार यांच्याशी लग्न केलं, मोठा संसार केला, गरिबीत केला. शेणी थापून विकल्या. ब्रह्मी भाषा तिला येत नव्हती, मराठीच बोलायची. ती २००० साली गेली.

आजींनी तुतूला पाहिलेलं होतं. "आमच्यासारखीच लुगडं नेसायची. डोळे मात्र तिकडचे." त्या कौतुकानं बोलत नव्हत्या की कीव करत नव्हत्या, शेजारच्या बाईबद्दल बोलावं तसं बोलत होत्या. वाड्यात मला राजा दिसला नव्हता. या गॅलरीखाली उभं राहून त्याची नात थोडी दिसली.

मला या सगळ्यात थोरलीचं परत येणं सगळ्यात मोठं वाटतं. बाकी सगळ्यांना रत्नागिरीत आणलं गेलं. ती एकटी स्वतःच्या मर्जीनं आली. रंगूनला राजाची मुलगी म्हणून थोडाफार मान मिळाला असता, इथं लोक नाव ठेवणार हे तिला माहीत होतं. वाड्यावरच्या फलकांपुढे मी उभी राहिले तेव्हा राजाबद्दल वाचलं. मला विचाराल तर त्या वास्तूची खरी कथा या बाईची आहे.

जेवायला एका खानावळीत गेलो. नाव सांगत नाही, कारण सुरमई ताजी म्हणून दिली आणि ती ताजी नव्हती. परत केल्यावर बांगडा आणून दिला, तो मात्र अप्रतिम निघाला. कुरकुरीत रवा, आत ओलसर, आणि सोलकढी आंबटपणाला जराही न लाजणारी. सल्ला असा की मार्चमध्ये ढगाळ हवा असेल तर होड्या बाहेर गेल्यात का हे विचारून मग मासा मागवा. मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळी गेलात तर काय आलंय ते डोळ्यांनीच कळतं.

तीनच्या सुमाराला आभाळ फुटलं. वळीव म्हणावा तर फार लवकर, अवकाळीच. पंधरा मिनिटं टपोरे थेंब, मातीचा वास, आणि रस्त्यावर सगळे दुकानदार बाहेर येऊन उभे. आनंदानं नव्हे. शेजारच्या किराणावाल्यानं कुणाला तरी फोन लावला, "वाऱ्यानं काय पडलं काय?" एवढंच विचारलं, ऐकलं आणि फोन ठेवला. आम्हाला पाऊस आवडला हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

पावसानंतर आम्ही पुन्हा वाड्याकडे गेलो, फक्त बाहेरून. ओला जांभा काळपट लाल होतो आणि भिंती एकदम जुन्या दिसायला लागतात. कोरड्या उन्हात कचेरी वाटलेली इमारत आता घर वाटत होती. वर्षातले चार महिने असा पाऊस, बाहेर जायला परवानगी लागणार, समुद्र बंद. मंडाले रत्नागिरीच्या मानानं कोरडं गाव. पहिल्या पावसाळ्यात या माणसांना काय वाटलं असेल?

रविवार

गाडी रात्रीची, दिवस हातात होता. काकूंनी ओळखीचा रिक्षावाला ठरवून दिला आणि आम्ही आरे-वारेच्या किनाऱ्यानं मालगुंडला निघालो. हा रस्ता गणपतीपुळ्याला जाणारा. डावीकडे सतत समुद्र, एका वळणावर रिक्षा थांबवून खालचे दोन्ही किनारे बघावेत. रविवारी पुळ्याला गर्दी उसळते, म्हणून दर्शन सकाळी लवकर उरकावं आणि मालगुंडला निवांत जावं. अंतर अगदी थोडं आहे.

मालगुंड हे केशवसुतांचं गाव. कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६. त्यांचं जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेनं नीट राखलंय, मधु मंगेश कर्णिकांनी त्यासाठी खटपट केली. शेजारी स्मारक, कविता दगडांवर कोरलेल्या. पण बघायचं ते घरच. सारवलेली जमीन, बुटकी दारं, पडवी, जुनी भांडी. थिबाच्या वाड्याच्या एका दालनात हे अख्खं घर बसेल. सुलूताईनं आत शिरताना वाकून नमस्कार केला की डोकं वाचवलं, हे तिचं तिलाच सांगता आलं नाही.

सुनीत मराठीत आणणारा, 'तुतारी' लिहिणारा हा माणूस आयुष्यभर मास्तरकी करत या गावाहून त्या गावी फिरला. कुठंच स्थिर घर नाही. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं गेला, चाळिशीही गाठली नव्हती. पाठोपाठ पत्नीही गेली. आम्ही ज्या गाडीनं आलो त्या गाडीला २०१७ मध्ये याच कवितेचं नाव दिलं. घराची देखभाल करणाऱ्या बाईंना ते सांगितलं तर त्या हसल्या, "गाडी आहे, पण मालगुंडला कुठं थांबते?"

इथं वेळ काढून जावं. फलक वाचण्यापेक्षा ओटीवर बसून दगडावरची एखादी कविता मोठ्यानं वाचावी, कुणी काही म्हणत नाही. तिकीट किरकोळ आहे. दुपारी मधली सुट्टी असते का ते आधी विचारून घ्या. जेवण मालगुंडमध्ये घरगुती मिळतं, आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदकही. आम्ही सांगितलं नव्हतं, तरी कुळथाचं पिठलं, गरम भात आणि फणसाच्या कुयरीची भाजी मिळाली. कुयरी म्हणजे अगदी कोवळा फणस, मार्च-एप्रिलमध्येच मिळतो. मोहरीच्या फोडणीत वर खोबरं, आणि भाजीला मांसासारखा धागा. सुलूताईनं दोनदा वाढून घेतली.

परतताना रिक्षावाल्यानं एका बागेपाशी थांबवलं. पावसानं पडलेल्या कैऱ्या पोत्यात भरून ठेवल्या होत्या. पेटीत जायच्या त्या आता लोणच्याला. बागायतदारानं भाव सांगितला तो मुंबईच्या मानानं काहीच नव्हता, आणि तरी त्याचा चेहरा बघून घासाघीस करवेना. दोन पिशव्या घेतल्या. हापूसची पहिली पेटी त्यानं दाखवली, विकली नाही. "पाडवा होऊ द्या, मग फोन करा."

कैऱ्यांच्या पिशव्या बर्थखाली ढकलून झाल्यावर सुलूताईनं पुढचं काढलं: कालिंपाँग. दुसरी राजकन्या तिथं राहिली ना, मग ते घरही बघायला हवं. एप्रिल-मेमध्ये तिकडे गर्दी असते, ऑक्टोबरात हवा स्वच्छ असते असं तिनं फोनवर वाचलंय. न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वे आणि पुढे जीप, तिकिटं तिनं बघायलाही घेतली होती. मी झोपले.